खाणीतला उडता दगड मोजायला गोप्रो हिरो १२ आणि ट्रॅकर : काय दिसतं, काय निसटतं

सुरुंगाचं चित्रीकरण करायला हल्ली खडीच्या खाणीपासून कोळशाच्या ओपनकास्टपर्यंत कुठेही गोप्रो लावलेला दिसतो. बहुतेक ठिकाणी त्याचा उपयोग एवढाच : ब्लास्ट झाला, व्हिडिओ ग्रुपवर गेला, ‘मस्त पडला’ म्हणून अंगठे आले. फ्लायरॉकचं, म्हणजे सुरुंगातून लांब उडणाऱ्या दगडाचं, मोजमाप म्हणजे दगड कोणत्या भोकातून, किती वेगाने, किती कोनात निघाला आणि कुठवर जाऊ शकला असता, हे आकड्यात मांडणं. गोप्रो हिरो १२ ब्लॅक आणि ट्रॅकर हे व्हिडिओतल्या वस्तूचा मार्ग मोजणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर या जोडीने ते काम कितपत होतं, ते या परीक्षणात पाहू. डोळ्यासमोर दख्खनच्या काळ्या पाषाणातली दगडखाण आहे : ११५ मिमी व्यासाची भोकं, ८ ते १० मीटर उंचीचा बेंच (खाणीतली पायरी), एएनएफओ (अमोनियम नायट्रेट आणि डिझेलचं मिश्रण) किंवा इमल्शन (पाण्यात टिकणारं स्फोटक).

निकाल आधीच सांगतो. भोकाच्या तोंडाशी आणि फेसवर (बेंचच्या उघड्या उभ्या भिंतीवर) पहिल्या अर्ध्या सेकंदात काय घडतं, हे पाहायला या किमतीत याहून बरं साधन नाही. पण ‘व्हिडिओत दगड दीडशे मीटरच्या पुढे गेलेला दिसत नाही, म्हणजे दीडशेच्या पुढे धोका नाही’ असा निष्कर्ष कोणी काढणार असेल, तर त्याने हा कॅमेरा विकत घेऊ नये.

कॅमेरा २०२३ मध्ये आला तेव्हा भारतातली किंमत ४५,००० रुपये होती. कामाचा मोड एकच : २.७के, २४० फ्रेम प्रतिसेकंद. यात दोन फ्रेममधलं अंतर ४.१७ मिलिसेकंद पडतं आणि सगळी किंमत इथेच वसूल होते. नोनेलचे (विजेशिवाय चालणाऱ्या डेटोनेटरचे) सरफेस डिले, म्हणजे एक भोक उडाल्यावर दुसरं उडेपर्यंतचे विलंब, १७, २५, ४२ मिलिसेकंदांचे असतात, म्हणजे साधारण ४, ६ आणि १० फ्रेम. कोणतं भोक कधी उडालं हे फ्रेम मोजून सांगता येतं. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची असते. दोन भोकं एकाच फ्रेममध्ये उडून जातात आणि मग दगड तिसऱ्या भोकाचा की चौथ्याचा यावर ब्लास्टर आणि मॅनेजर संध्याकाळपर्यंत वाद घालतात.

सेटिंगमध्ये पहिली चूक होते ती अँटी-फ्लिकरला, म्हणजे दिव्यांची लुकलुक टाळणाऱ्या सेटिंगला. कॅमेरा ५० हर्ट्‌झवर असेल तर २४० मिळतच नाही, २०० मिळतात. ट्रॅकरमध्ये मात्र सवयीने २४० भरले जातात. वेग २० टक्के जास्त निघतो, आणि अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे पल्ला ४४ टक्के फुगतो. उघड्यावर ट्यूबलाइट नसते, तेव्हा बिनधास्त ६० हर्ट्‌झ ठेवा. लेन्स लिनिअर ठेवा. वाइडमध्ये कडेच्या सरळ रेषा वाकतात आणि दगड नेमका कडेलाच जातो. हायपरस्मूथ (हलणारं चित्र स्थिर करणारी सोय) बंद, कारण ते प्रत्येक फ्रेम थोडी सरकवून कापतं आणि आपण मोजतो तो दगडाऐवजी सॉफ्टवेअरचा अंदाज असतो. शटर हाताने १/१९२० किंवा १/३८४० वर ठेवावं. ऑटोवर सोडलं आणि ते १/४८० ला गेलं, तर ५० मीटर प्रतिसेकंदाचा दगड एका फ्रेममध्ये १० सेंटिमीटर घासला जातो. त्याचा मध्य कुठे धरायचा?

आता मूळ मर्यादेकडे. लिनिअरमध्ये आडवा दृष्टिकोन ९० अंशांच्या आसपास धरला, तर १०० मीटरवरून चौकटीत २०० मीटर रुंदी मावते. ती २,७०४ पिक्सेलमध्ये वाटली की एका पिक्सेलला सात-साडेसात सेंटिमीटर येतात. म्हणजे २० सेंटिमीटरचा, बारा किलोच्या आसपासचा धोंडा जेमतेम तीन पिक्सेल व्यापतो. १० सेंटिमीटरचा, दीड किलोचा दगड धुळीच्या पार्श्वभूमीवर दिसतच नाही. माणसाचा जीव घ्यायला दीड किलो पुरेसं आहे. कॅमेऱ्याच्या जाहिरातीत हे कुठेच येणार नाही, पण खाणीत घेण्याआधी विचारायचा प्रश्न हाच.

उपाय म्हणजे कॅमेरा जवळ नेणं. ४० मीटरवर एका पिक्सेलला तीन सेंटिमीटर येतात आणि १० सेंटिमीटरचा दगड मागोवा घेण्याइतपत दिसतो. तिथे माणूस अर्थातच थांबणार नाही. ६ मिमी प्लेटची पेटी, समोर पॉलीकार्बोनेटची खिडकी, ट्रायपॉडच्या पायांवर वाळूच्या गोण्या. पेटी फेसच्या समोर ठेवायची नाही. फेसच्या एका टोकाला, फेसच्या रेषेत पाहील अशी ठेवायची, म्हणजे फेक चौकटीत आडवी जाते. दगड चौकटीच्या पातळीपासून ३० अंश तिरका गेला तर आडवा वेग १३ टक्के कमी दिसतो, पल्लाही त्याच बेतात घटतो. तिरक्या दगडांचा छडा लावायचा तर काटकोनात दुसरा कॅमेरा हवा. त्यासाठी दुसऱ्या गोप्रोपेक्षा टेली लेन्सचा, २४० फ्रेम देणारा एखादा चांगला फोन पाचशे मीटरच्या बाहेरून लावलेला आम्ही जास्त पसंत करू. त्याचा फ्रेमरेट डुलतो हे खरं, पण दगड कोणत्या बाजूला गेला एवढं कळायला तो पुरतो.

उन्हाचंही बघायला हवं. हाय फ्रेमरेटला कॅमेरा तापतो, वारा नसलेल्या लोखंडी पेटीत अधिकच. खाणीत ब्लास्टिंग होतं दुपारी. चंद्रपूर-वणीकडच्या मे महिन्यात कॅमेरा ऐन वेळी बंद पडू शकतो हे गृहीतच धरा. पेटीला बाहेरून चुना, वर ओलं बारदान, आणि रेकॉर्डिंग शक्य तितकं उशिरा सुरू करणं एवढंच हातात आहे. शेड्यूल्ड कॅप्चरने वेळ लावून ठेवता येते, पण सुरुंग ठरल्या मिनिटाला उडाला असं सहसा होत नाही. १२० मेगाबिटने मिनिटाला साधारण ०.९ जीबी भरतो, त्यामुळे २० मिनिटं आधी सुरू केला तरी १२८ जीबीच्या कार्डाला चिंता नाही. अडचण येते ती तापण्याची.

फोनवरून ब्लूटूथ किंवा वायफायने कॅमेरा चालू करण्याचा मोह टाळाच. रेडिओ लहरींनी अवेळी उडू शकणाऱ्या इलेक्ट्रिक डेटोनेटरवर १ एप्रिल २०२५ पासून बंदी आली असली, तरी स्फोटक भरलेल्या भोकांजवळ रेडिओ लहरी सोडणारी वस्तू न नेण्याची शिस्त मोडायचं कारण नाही. वायरलेस बंद करा, बटण हाताने दाबा, निघून जा.

ट्रॅकर हे ओपन सोर्स फिजिक्स प्रकल्पातलं सॉफ्टवेअर, डग्लस ब्राउन यांनी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी केलेलं. पैसे लागत नाहीत, जुन्या लॅपटॉपवर चालतं. खाणीसाठी ते बनवलेलं नाही हे जागोजागी जाणवतं, पण दगड हाही प्रक्षेप्यच.

पहिला अडथळा फाइल उघडतानाच येतो. हिरो १२ चा व्हिडिओ एच.२६५ मध्ये असतो आणि ट्रॅकरचं जुनं व्हिडिओ इंजिन तो घेत नाही. हँडब्रेक या कन्व्हर्टर सॉफ्टवेअरने एच.२६४ करून घ्यावा लागतो. इथे खड्डा आहे : हँडब्रेकचा नेहमीचा प्रीसेट व्हिडिओ १०८० वर आणि ३० फ्रेमवर आणतो. पंचेचाळीस हजारांचा कॅमेरा घेऊन शेवटी हातात पुन्हा ३० फ्रेमच. फ्रेमरेट ‘सेम ॲज सोर्स’ आणि ‘कॉन्स्टंट’, आकार मूळचाच, आणि पूर्ण वीस मिनिटांऐवजी स्फोटाच्या आसपासचे दहा सेकंद. मग ट्रॅकरच्या क्लिप सेटिंगमध्ये फ्रेमरेट तपासा. २३९.७६ दिसला तर सगळं ठीक.

आता स्केल. फेसच्या माथ्यावर सर्व्हेची चार मीटरची स्टाफ (मापाच्या खुणांची पट्टी) उभी करून ब्लास्टपूर्वी दहा सेकंद चित्रीकरण करायचं आणि त्याच फ्रेमवर कॅलिब्रेशन स्टिक (ट्रॅकरमधली मापाची रेघ) ठेवायची. एकच स्टाफ पुरत नाही. समजा कॅमेरा जवळच्या टोकापासून ४० मीटरवर आहे आणि फेस ३० मीटर लांब. दुसरं टोक ७० मीटरवर जातं. जवळच्या स्टाफच्या मापाने लांबच्या भोकातला दगड मोजला, तर वेग खऱ्याच्या ५७ टक्के निघतो आणि पल्ला एक तृतीयांश. ३०० मीटर जाऊ शकणारा दगड कागदावर शंभरात बसतो. बाजारात फिरणारे बरेचसे ‘फ्लायरॉक ॲनालिसिस’ या एका कारणाने कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचे असतात. दोन्ही टोकांना स्टाफ लावा, मधल्या भोकांची मापं अंतराच्या प्रमाणात काढा, आणि दगड कोणत्या भोकाचा हे डिलेच्या फ्रेम मोजून ठरवा.

ट्रॅकरची आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट इथे उपयोगी पडते. दगडाचा उभा मार्ग पॅराबोलावर बसवला की प्रवेग मिळतो. स्केल बरोबर असेल तर तो ९.८ च्या आसपास यायलाच हवा. ५.६ आला, तर तुम्ही लांबच्या दगडाला जवळची पट्टी लावली आहे. गुरुत्वाकर्षण म्हणजे प्रत्येक दगडाबरोबर फुकट आलेली मोजपट्टी. मात्र दगड निदान अर्धा सेकंद दिसला पाहिजे. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे मार्ग १.२ मीटर वाकतो, म्हणजे ४० मीटरवर ४० पिक्सेल. पाव सेकंदात जेमतेम दहा पिक्सेल, आणि एका पिक्सेलची चूक दहा टक्के. लहान आणि फार वेगवान दगडांवर ही कसोटी फसते : ७० मीटर प्रतिसेकंदाला १० सेंटिमीटरच्या ओबडधोबड दगडावर हवेचा रोध जवळपास गुरुत्वाकर्षणाइतकाच असतो.

ऑटोट्रॅकर धुळीत हरवतो, त्याच्या नादी लागू नका. शिफ्ट दाबून एकेक फ्रेम क्लिक करावी. एका ब्लास्टमधले पाच-सहा सर्वांत वेगवान दगड पुरतात. जमीन हादरल्याने कॅमेरा हललेला असतो, म्हणून मागच्या स्थिर खुणेला अक्षांचा उगम बांधून ठेवा.

एवढी उठाठेव कशासाठी? तर रिचर्ड्स आणि मूर यांच्या फ्लायरॉकच्या सूत्रातला स्थिरांक स्वतःच्या खाणीसाठी काढायला. त्यांच्या मांडणीत फेसवरून निघणाऱ्या दगडाचा वेग म्हणजे ‘क’ गुणिले (भोकातल्या दर मीटर स्फोटकाच्या किलोचं वर्गमूळ भागिले बर्डन, म्हणजे भोकापासून फेसपर्यंतचं अंतर मीटरमध्ये) या संख्येचा १.३ वा घात. सर्वांत लांबचा पल्ला म्हणजे क² भागिले ९.८, गुणिले त्याच संख्येचा २.६ वा घात. कोळशावरच्या मऊ थराला (ओव्हरबर्डनला) ‘क’ १३.५, कठीण बेसॉल्टला २७. या दोन टोकांमध्ये पल्ल्याचा फरक चौपट आहे. आपला दगड नेमका कुठे बसतो हे पुस्तक सांगणार नाही, कॅमेरा सांगतो. समजा ११५ मिमी भोकात एएनएफओ, मीटरला ८.३ किलो, बर्डन खरोखर ३ मीटर, आणि सर्वांत वेगवान दगड १९ मीटर प्रतिसेकंद मिळाला. ‘क’ २० येतो. असे बरेच ब्लास्ट मोजा आणि सरासरीऐवजी वरचा आकडा धरा. फ्लायरॉकमध्ये सरासरी दगडाने कोणी मरत नाही.

‘खरोखर ३ मीटर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ‘क’ २७ धरून पल्ल्याचे आकडे बघा. बर्डन ३ मीटर : ६७ मीटर. बर्डन २ मीटर : १९२. दीड मीटर : ४०५. भोक तेच, चार्ज तोच. मागच्या ब्लास्टने फेसच्या मध्यात खळगा पाडला असेल किंवा भोक एक-दीड मीटर पुढे झुकलं असेल, तर माथ्यावर टेपने ३ मीटर मोजूनही मध्यात दीडच उरतो. म्हणून फेसचं प्रोफाइल आणि भोकाचा झुकाव मोजल्याशिवाय कॅमेऱ्याचे आकडे अर्धवट राहतात. प्रोफाइल ड्रोनच्या फोटोंवरून घेतलं तर उत्तम. ते नसेल तर माथ्यावरून बांबूला बांधलेला ओळंबा सोडून दर मीटरला मापं घेतली तरी चालतं. दमछाक होते, आणि कडेला उभं राहायचं तर सेफ्टी बेल्ट हवाच.

स्टेमिंगची, म्हणजे भोकाच्या तोंडाशी स्फोटकावर भरलेल्या बुचाची, गोष्ट तशीच. क्रेटरिंगसाठी (तोंडाशी खळगा पडून दगड वर उडतात तेव्हा) त्याच सूत्रात बर्डनऐवजी स्टेमिंगची लांबी घालायची. २.५ मीटरला १०७ मीटर, दीड मीटरला पुन्हा ४०५. एएनएफओ काढून मीटरला १२ किलोच्या आसपास भरणारं इमल्शन टाकलं आणि बर्डन ३ मीटरच ठेवला, तरी ६७ चे १०७ होतात. पाऊस लागला, भोकात पाणी आलं म्हणून इमल्शन भरताना स्तंभाची लांबी तीच ठेवण्याची सवय किती महागात पडते ते यात दिसतं.

२४० फ्रेममध्ये स्टेमिंगचं वागणं फार स्पष्ट दिसतं. ड्रिलिंगचा चुरा परत भोकात लोटला असेल तर फेस हलायच्या आधीच तोंडातून पांढऱ्या-पिवळ्या धुराचा सरळ खांब उठतो. बंदुकीच्या नळीसारखं भोक रिकामं होतं आणि तोंडाजवळचे सुटे दगड त्याबरोबर वर जातात. भोकाच्या व्यासाच्या दहाव्या हिश्श्याची कोनेदार कच, ११५ मिमीला १० ते १२ मिमीची, भरलेली असेल तर ती अडकून धरते. अशा भोकाचा माथा आधी घुमटासारखा फुगतो आणि वायू बऱ्याच फ्रेम उशिरा सुटतो. क्रशर दाराशी असताना कच आणायचा कंटाळा करणाऱ्या मॅनेजरला हे दोन व्हिडिओ शेजारीशेजारी दाखवावेत. बाकी काही बोलावं लागत नाही.

दख्खनच्या दगडाची वेगळी खोड म्हणजे लाव्हाचे थर. भक्कम काळ्या पाषाणाच्या खाली सच्छिद्र दगड, दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा, वर उभे सांधे. मातीच्या पट्ट्यातून वायू बाजूला फुटतो आणि फेसच्या एकाच उंचीवर दगडांची पिचकारी उडते. व्हिडिओत ती दिसली तर त्या उंचीला पुढच्या वेळी स्फोटकाऐवजी कच भरून डेक करा. कोणता दगड फेसच्या कोणत्या भागातला, हे नंतर ओळखायला आधीच रंग मारून ठेवणं सोपं : वरच्या भागाला चुना, मध्याला गेरू, तळ कोरा.

कारण पडलेले दगड वेचण्याला पर्याय नाही. शॉटफायररने (सुरुंग उडवणाऱ्याने) ‘ऑल क्लिअर’ दिल्यावर, मिसफायर (न उडालेलं भोक) नाही याची खात्री झाल्यावर, ढिगाच्या पलीकडे पडलेला प्रत्येक ताजा दगड वजन करून, जीपीएसवर नोंदवून घ्यायचा. हातातल्या जीपीएसची ३ ते ५ मीटरची चूक इथे चालते. कॅमेरा ज्याला पाहत नाही तो दीड किलोचा दगड फक्त या वहीत सापडतो. दगड घरंगळत किंवा टप्पा खाऊन गेला असेल तर पहिला खड्डा शोधा, पल्ला तिथवरचा. डोंगरउतारावरच्या खाणीत पडायची जागा फेसच्या तळाहूनही खाली असते हे विसरू नका : ४५ अंशात ५० मीटर प्रतिसेकंदाने निघालेला दगड सपाटीवर २५५ मीटर जातो, २० मीटर खोल उतारावर २७३. आणि आडवा निघालेला, सपाटीच्या हिशेबात ज्याचा पल्ला शून्य धरला जातो, तो ३० मीटर प्रतिसेकंदाला तेवढ्याच उंचीवरून ६० मीटर गाठतो.

सुरक्षित अंतरासाठी प्रचलित पद्धत म्हणजे काढलेल्या पल्ल्याची यंत्रांसाठी दुप्पट, माणसांसाठी चौपट. ६७ ची चौपट २६८. ती ५०० च्या आत आहे म्हणून अंतर कमी करता येत नाही : कोळसा खाण विनियम २०१७ मध्ये डेंजर झोन ५०० मीटरचा आहे आणि तुमचा व्हिडिओ त्यात सूट देत नाही. हिशेब उपयोगी पडतो तो उलट्या बाजूने. बर्डन कुठे २ मीटर निघाला तर १९२ ची चौपट ७६८ होते. म्हणजे ५०० मीटर रिकामे करूनही तो ब्लास्ट तसाच उडवायचा नाही. पुढच्या रांगेतल्या त्या भोकाचा चार्ज कमी करा, पातळ जागी कच भरा, नाहीतर जाळी आणि वाळूच्या गोण्यांचं मफलिंग (झाकण) करा.

कोणी घ्यावा? ज्या खाणीत फेसची मापं आधीच घेतली जातात, भोकनिहाय चार्जशीट (कोणत्या भोकात किती स्फोटक भरलं याची नोंद) खरी लिहिली जाते आणि व्हिडिओ घेऊन दोन तास बसायला एक माणूस आहे, तिथे ही जोडी पहिल्या महिन्यातच कामाला येते. स्टेमिंग आणि डिले तपासण्यासाठी पाचपैकी साडेचार, वेग मोजण्यासाठी साडेतीन, लांबचा दगड शोधण्यासाठी एक. हिरो १३ मध्ये ७२० रिझोल्यूशनला ४०० फ्रेम मिळतात, पण पिक्सेल आधीच अपुरे असताना ते आणखी कमी करून फ्रेम वाढवण्यात या कामाला फायदा नाही. त्यातला जीपीएस, जो १२ मध्ये काढून टाकला होता, एवढ्यासाठी जास्त पैसे मोजावेत असंही नाही. पेटी कुठे ठेवली ते टोटल स्टेशन या सर्व्हेच्या यंत्राने मोजलेलं बरं.